गंगाधरपंत कुठे गेले होते?

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली. ती कानाजवळून निसटली असती तर? डॉ. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेतील इतिहासाचे प्राध्यापक याच विचारात असतात. ट्रकची धडक बसते आणि ते थेट अशाच जगात पोचतात. तिथे पानिपत मराठ्यांनी जिंकलेले असते; मुंबईत मात्र अजून ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार! पंत मुलाच्या कचेरीत चौकशी करतात, तर त्या नावाचे तिथे कोणीच नाही. (मला हाच प्रसंग सर्वांत चटका लावणारा वाटतो.)

हे कसे शक्य आहे? इलेक्ट्रॉन नेमका कुठे सापडेल हे आधी सांगता येत नाही, फक्त शक्यता सांगता येते. काही शास्त्रज्ञ म्हणतात, प्रत्येक शक्यतेचे निराळे जग असेल. एका जगातून दुसऱ्या जगात जाणे ही मात्र लेखकाची कल्पना. तसे अजून कोणी गेलेले नाही.

इतिहास कुठे वळला हे शोधायला पंत ग्रंथालय गाठतात. परततात तेव्हा खिशात पुरावा असतो, बखरीचे एक फाटके पान. आपल्या अफझलगंजच्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात मात्र पाने फाडू नयेत, तिथे ट्रकची सबब चालणार नाही!