बऱ्या दिवसांतील करारनामा

शरीराचे बहुतेक आजार घरात येताना आपली ओळख सांगून येतात. परंतु ज्याला आज घरोघरी ‘बायपोलर’ म्हणतात आणि ज्याचा उल्लेख पूर्वी उन्माद-विषादाचा रोग असा होत असे, तो पुष्कळदा आरोग्याचाच वेष घेऊन येतो आणि आप्तांची पहिली फसगत तेथेच होते. महिनेच्या महिने अंथरुणाला खिळलेला, भरल्या ताटावरून अर्धपोटी उठणारा, दाढीकरितासुद्धा आरशासमोर न जाणारा थोरला मुलगा एके दिवशी पहाटे उठून स्नान करतो, माळ्यावरची पेटी काढून तिच्यावरची धूळ झटकतो, वडिलांना नव्या धंद्याचा आराखडा समजावून देतो, आणि आई देवापुढे साखर ठेवते. रात्री तो जेमतेम तीन तास झोपतो व तरीही थकत नाही, बोलता बोलता एका विषयावरून दुसऱ्यावर जातो, अडवले तर चिडतो, या गोष्टी त्या आनंदाच्या भरात कोणी मनावर घेत नाही. आणि मनावर घेतल्या जातात तोवर त्याने कोणा उपऱ्याला जामीन राहून सही दिलेली असते, बायकोच्या पाटल्या गहाण पडलेल्या असतात, आणि कचेरीतल्या वरिष्ठाला त्याने चारचौघांत जे सुनावले त्याची लेखी फिर्याद होऊन चुकलेली असते.

ही दोन टोके म्हणजे दोन निराळे रोग नव्हेत, एकाच रोगाच्या फेऱ्या होत, हे पॅरिसमधील फाल्रे आणि बायार्झे या दोन वैद्यांनी १८५४ साली जवळजवळ एकाच वेळी मांडले, आणि पहिला मान कोणाचा यावरून ते भांडलेही. १८९९ मध्ये एमिल क्रेपेलिन या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने या रोगाचे वेगळे दालन पक्के केले. उन्माद निदान आठवडाभर, त्याचे सौम्य रूप निदान चार दिवस आणि विषाद निदान दोन आठवडे टिकला पाहिजे, असे आजचे निकष आहेत. घरच्या माणसांच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की रोगी डॉक्टरांकडे जातो तो बहुधा विषादाच्या काळात, आणि उन्मादाचे दिवस त्याच्या स्मरणात आयुष्यातले उत्तम दिवस म्हणून राहिलेले असल्याने तो त्यांचा उच्चारही करत नाही. मग केवळ विषादावरची गोळी सुरू होते, आणि अशी एकटी गोळी काही रोग्यांना उलट उन्मादाकडे ढकलू शकते. म्हणून ‘दोन वर्षांपूर्वी यांनी पंधरा दिवसांत तीन धंदे काढले होते’ हे वाक्य दवाखान्यात उच्चारणारी पत्नी नवऱ्याची चहाडी करत नसून निदानाचा अर्धा भाग स्वतः पुरवत असते.

परंतु साक्षीदाराची ही भूमिका फार महाग पडते. पैशाचे नुकसान भरून निघते, गेलेली नोकरीही कधी परत मिळते. जे सहसा परत मिळत नाही ते म्हणजे आपल्या माणसाच्या आनंदात निःशंकपणे सामील होण्याचे सुख. नवरा मोठ्याने हसला की बायकोची नजर घड्याळाकडे जाते. मुलीने नवी ओढणी आणली की बाप मनातल्या मनात किंमत विचारतो. भाऊ फोनवर जरा जलद बोलला की बहीण वहिनीला एकीकडे घेऊन विचारते, ‘झोप नीट आहे ना त्याची?’ आणि ज्याच्याविषयी हे चालते त्याला ते सारे दिसते. आपला प्रत्येक उत्साह पंचनाम्यास पात्र ठरतो हे ज्याला कळले, तो एक तर हसणे सोडतो किंवा गोळ्या सोडतो. आणि दुसऱ्या मार्गाला लागलेल्याला मी तरी केवळ अविचारी म्हणणार नाही.

तरीही बहिणीचा तो प्रश्न शास्त्राला धरूनच असतो. झोप कमी होणे हे उन्मादाचे लक्षण तसेच त्याचे कारणही आहे. एखाद्या रात्रीचे जागरणदेखील काही जणांत सारा क्रम सुरू करून देते. आता आपल्या पंचांगाकडे या दृष्टीने पाहावे: गणपतीच्या आराशीच्या रात्री, नवरात्रातला गोंधळ, कोजागिरी, लग्नघरातली हळदीची रात्र, आणि गावच्या जत्रेला जायचे तर रातराणी एसटी. जागरणाला आपण पुण्याच्या खात्यात धरतो, आणि ‘मी अकराला झोपतो’ म्हणणाऱ्याला घुम्या ठरवतो. उपासाचेही तसेच. या आजारावरचे जुने आणि अजूनही अव्वल मानले जाणारे औषध लिथियम हा एक प्रकारचा क्षार असून मूत्रपिंड त्याचा व मिठाचा हिशेब एकत्रच ठेवते. शरीरातले पाणी वा मीठ घटले की लिथियम अडून राहते आणि रक्तातले त्याचे प्रमाण चढते. उपयुक्त प्रमाण साधारणपणे लिटरमागे ०.६ ते १ मिलिमोल, आणि दीडच्या वर विषबाधेचे भय. इतकी ती पट्टी अरुंद आहे. त्यामुळे निर्जळी एकादशी, अळणी व्रत, वैशाखातला घाम, जुलाब, आणि गुडघेदुखीवर दुकानातून परस्पर आणलेली आयबुप्रोफेनची गोळी, या साऱ्यांची वर्दी डॉक्टरांना आधी गेली पाहिजे. हात जोराने थरथरू लागले, चालताना तोल जाऊ लागला, उलट्या झाल्या, तर पुढची मात्रा न देता रुग्णालय गाठावे. रक्ततपासणी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी करायची असते, आणि थायरॉइड व मूत्रपिंड यांचीही तपासणी ठरावीक मुदतीने व्हावी लागते. हा सारा कारभार पाहणारा माणूस घरात ठरलेला असावा.

या औषधाच्या इतिहासातही घर आहेच. जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने मेलबर्नजवळच्या रुग्णालयात उन्मादग्रस्तांना लिथियम देऊन पाहिले आणि १९४९ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्याचा पहिला रोगी पाच वर्षे सतत उन्मादात होता. तो काही महिन्यांत बरा होऊन घरी गेला, तेथे औषधाबाबत हयगय झाली, तो पुन्हा रुग्णालयात आला, आणि १९५० मध्ये लिथियमच्याच विषबाधेने वारला. औषध न घेणे आणि औषध बेहिशेबी जाणे ही दोन्ही संकटे त्या एका चरित्रात सामावलेली आहेत. लिथियमची शिस्तबद्ध पारख पुढे डेन्मार्कच्या मोगेन्स शोउ यांनी केली. त्यांच्या स्वतःच्या भावाला विषादाचे झटके पुनःपुन्हा येत आणि लिथियमने ते आवरले. विज्ञानातली चिकाटी नेहमी कुतूहलातूनच येते असे नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र संकोच सोडला पाहिजे. या आजारात आत्महत्येचा धोका सामान्यांपेक्षा कितीतरी अधिक असतो, आणि ‘जिवाचे काही बरेवाईट करावेसे वाटते का’ असे सरळ विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट विचारणारा कोणीतरी आहे एवढ्यानेही गाठ सैल होते. उत्तर होकारार्थी आले तर माणसाला एकटे सोडू नये, साठवलेल्या गोळ्या ताब्यात घ्याव्यात, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. २०२२ पासून सरकारची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनिसेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य चालते.

घरच्यांच्या वागणुकीचा रोगाच्या फेऱ्यांवर परिणाम होतो, हे लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन यांनी स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात आणि नंतर अमेरिकेत मिक्लोविट्झ यांनी या आजाराच्या संदर्भात दाखवले. टीका, वैरभाव आणि गुदमरवणारी काळजी जेथे अधिक, तेथे रोग लवकर उलटतो. याचा अर्थ घराने रोग निर्माण केला असा नव्हे. तो आरोप आयांनी पुष्कळ सोसला आहे. आपल्या देशात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५०च्या दशकातच रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून कुटुंबांना रोग्यासोबत राहावयास लावले होते, आणि तेही बरे झालेला माणूस ज्या घरी परतणार त्या घरालाच शिकवण्यासाठी.

२०१७चा मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला, आणि त्यात एक तजवीज अशी आहे की जी माझ्या मते प्रत्येक अशा घराने वाचावी. प्रौढ व्यक्तीला आपल्या भानाच्या काळात लिहून ठेवता येते की निर्णयशक्ती गेली तर माझ्यावर कोणते उपचार व्हावेत, कोणते होऊ नयेत आणि माझ्या वतीने बोलणारा प्रतिनिधी कोण. तातडीच्या उपचारांना मात्र हा दस्तऐवज आड येत नाही. याच धर्तीवर घरगुती करारनामाही करावा, आणि तो दोन फेऱ्यांच्या मधल्या, शांत दिवसांत करावा, कारण उन्मादात केलेली कबुलायत टिकत नाही आणि विषादात माणूस कशालाही हो म्हणतो. दोन रात्री झोप पाच तासांखाली गेली तर डॉक्टरांना फोन कोणी करायचा. ठरलेल्या रकमेवरचा व्यवहार दुसऱ्या सहीवाचून होणार नाही. मोटारीची किल्ली, बँकेचे कार्ड केव्हा व कोणाच्या हवाली करायचे. हे रोग्याने स्वतःच्या हाताने लिहावे.

मात्र ज्या करारात एकच पक्ष बांधला जातो त्याला करार म्हणत नाहीत, हुकूम म्हणतात. तेव्हा घरालाही कलमे लागू हवीत. गोळीची विचारणा दिवसातून एकदा, ठरलेल्या एकाच व्यक्तीने, पाहुण्यांदेखत कधीही नाही. मतभेदाला आजाराचे नाव द्यायचे नाही, कारण वडिलोपार्जित वाटणीवरून रागावण्याचा जेवढा अधिकार थोरल्या दादाला आहे तेवढाच त्यालाही आहे. झोप शाबूत असेल तोवर हसण्याचा जाब विचारायचा नाही. सांभाळणाऱ्यालाही आठवड्यातून एक संध्याकाळ स्वतःची, आणि ती भरून काढण्याची जबाबदारी सर्व भावंडांवर, केवळ जवळ राहणाऱ्या एकीवर नव्हे. खर्डा वर्षातून एकदा सर्वांनी बसून दुरुस्त करावा, खाली त्याची सही आधी आणि इतरांच्या नंतर असाव्यात, व एक प्रत डॉक्टरांच्या दप्तरी रुजू करावी.