रोज्यात अंगाला बळ मिळते कुठून?

यंदा रमजान आणि शिमगा एकाच महिन्यात आले आहेत. रत्नागिरीत एका बाजूला ग्रामदैवत श्री देव भैरीची पालखी, ढोल-ताशे आणि पालखी खांद्यावर घेऊन तासन् तास नाचणारी मंडळी. दुसऱ्या बाजूला राजिवडा, मिरकरवाडा, कोकणनगरच्या मशिदींत तरावीहची नमाज. या दिवसांत शेजारपाजारचे लोक एक प्रश्न हमखास विचारतात, आणि तो काळजीपोटीच विचारतात, ‘दिवसभर पाणीसुद्धा नाही, मग कामे कशी करता?’

या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग श्रद्धेचा आहे. दुसरा भाग शरीराचा आहे आणि तो पालखी नाचवणाऱ्यालाही तितकाच लागू पडतो, कारण नमाजी असो की मानकरी, स्नायूंचा कारभार एकाच पद्धतीने चालतो. तो समजून घेतला तर रोज्यात काय जमते, काय जमत नाही आणि धोका नेमका कुठे आहे, हे उमगते.

बाजारात चालतात ते सुटे पैसे

घरात तांदूळ असो, बँकेत ठेव असो की बागेत आंबा, भाजी घ्यायला सुटे पैसेच लागतात. शरीराचेही तसेच आहे. भात, मासे, तेल, साखर यांतली ऊर्जा स्नायूला थेट वापरता येत नाही. तिचे आधी ‘एटीपी’ नावाच्या रेणूत रूपांतर व्हावे लागते. हे आपले सुटे पैसे. गंमत म्हणजे शरीरात कोणत्याही क्षणी असा एटीपी जेमतेम शंभर-दोनशे ग्रॅम असतो, आणि कामाला लागलेल्या स्नायूत तो दोन-तीन सेकंद पुरतो. म्हणून शरीर तो सतत मोडते आणि सतत नव्याने जोडते. दिवसभराची उलाढाल मोजली तर ती कित्येक किलोंची भरते.

हा एटीपी पुन्हा जोडण्याचे तीन मार्ग आहेत. मिरकरवाडा बंदरावर ते तिन्ही बघायला मिळतात.

होडीतून माशांनी भरलेला क्रेट एका झटक्यात वर उचलला, की पहिला मार्ग वापरला जातो. स्नायूत ‘फॉस्फोक्रिएटिन’ नावाचा साठा असतो. तो सुमारे दहा सेकंद जोर पुरवतो आणि थोडी विश्रांती मिळाली की पुन्हा भरतो. या पदार्थाचा शोध लावणाऱ्यांत एक भारतीय होते, याचा आपल्याला अभिमान हवा. आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी अमेरिकेत हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्यासोबत १९२७ मध्ये तो शोधला आणि दोनच वर्षांनी स्नायूतल्या एटीपीचीही ओळख पटवली.

क्रेटमागून क्रेट उचलत राहिले, दम लागला, हातापायांत जळजळ सुरू झाली, की दुसरा मार्ग चालू आहे असे समजावे. इथे स्नायू प्राणवायूची वाट न बघता आपली साखर झटपट फोडतो. एक-दोन मिनिटांच्या जोरदार कामाला हा मार्ग उपयोगी. यात लॅक्टेट तयार होते. दुसऱ्या दिवशी अंग दुखते ते साठलेल्या लॅक्टिक अॅसिडमुळे, असे अजूनही व्यायामशाळांत सांगतात. ते खरे नाही. लॅक्टेट तास-दोन तासांत रक्तातून निघून जाते. हृदय ते इंधन म्हणून वापरते आणि यकृत त्याची पुन्हा साखर बनवते. दुसऱ्या दिवसाचे दुखणे स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजांचे असते.

तिसरा मार्ग सावकाश, पण दीर्घकाळाचा. जाळे विणत बसणे, बाजारात फिरणे, पालखीबरोबर वाडीवाडी चालणे, तरावीहच्या रकाती. आम्हा कोकणी मुसलमानांत शाफई पद्धतीने वीस रकात पढतात. एवढ्या वेळा उभे राहणे, वाकणे, बसणे हा पोटभर इफ्तारनंतरचा चांगला हलका व्यायामच आहे. अशा कामात पेशी श्वासातला प्राणवायू वापरून साखर आणि चरबी पूर्ण जाळतात. एटीपीची खरी कमाई याच मार्गाने होते.

कणगी कुणाची, कुलूप कुणाचे

आता रोज्याचा हिशेब. यंदा आपल्याकडे रोजा सुमारे तेरा तासांचा आहे. सहेरीनंतरचे चार-पाच तास जेवणातलीच साखर रक्तात येत असते. पुढे यकृत आपली कणगी उघडते. यकृतात शंभरेक ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर असते आणि ती सगळ्या शरीरासाठी असते. सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे मेंदू. आपण स्वस्थ बसलेलो असताना शरीराच्या खर्चातला पाचवा हिस्सा एकटा तोच घेतो. संपूर्ण रक्तात मात्र एका वेळी चमचाभरच साखर फिरत असते, त्यामुळे ही कणगी महत्त्वाची.

स्नायूंतही ग्लायकोजेन असते, तीन-चारशे ग्रॅम. पण त्याला ज्याच्या त्याच्या घरचे कुलूप आहे. पायाच्या स्नायूतली साखर पायालाच वापरता येते, रक्तात उतरून मेंदूला मिळत नाही. आपण बसून असलो तर हा साठा फारसा खर्चही होत नाही. म्हणूनच असरच्या वेळी पोट रिकामे असूनही रोजेदार जड पेटी उचलू शकतो.

दुपारनंतर शरीर चरबीकडे अधिक वळते. साठ किलोच्या सडपातळ माणसाच्या अंगातही आठ-नऊ किलो चरबी असते. तिच्यात साठ हजारांहून अधिक कॅलरी असतात, तर सगळ्या ग्लायकोजेनमध्ये जेमतेम दोन हजार. कष्टाच्या कामाला तासाला तीन-चारशे कॅलरी लागतात. म्हणजे तेरा तासांत ऊर्जा संपण्याचा प्रश्न नाही. अट एकच, चरबी सावकाश जळते. चालण्याला ती पुरते, धावण्याला साखर लागते. बेतशीर गतीने काम करणारा रोजेदार मगरिबपर्यंत टिकतो. सकाळीच जोर दाखवणारा दुपारी बसतो, यामागे हेच कारण आहे.

खरी उणीव पाण्याची

स्नायू जेवढी ऊर्जा खर्च करतो, त्यातली पाव हिश्श्याच्या आसपासच प्रत्यक्ष कामाला लागते. बाकीची उष्णता होते. ती बाहेर टाकायला घाम हवा आणि घामाला पाणी हवे. त्यात कोकणची हवा दमट. घाम वाळला तरच अंग थंड होते; नुसता टपटप गळला तर पाणीही गेले आणि उष्णताही राहिली. या दिवसांत पूर्वेकडचा वारा सुटला आणि समुद्राची हवा उशिरा आली, की पारा पस्तिशीपार जातो. अशा उन्हात जड काम करताना तासाला लिटरभर घाम सहज जातो. साठ किलोच्या माणसाचे सव्वा लिटर पाणी कमी झाले, की ताकद, लक्ष आणि तोल तिन्ही घसरू लागतात.

चरबीचा साठा महिनाभर पुरेल एवढा असतो, पाण्याचा साठा असा नसतो. म्हणून रोजेदाराने भुकेपेक्षा उन्हाची भीती बाळगावी.

हे केवळ खेळाडूंनी वाचून सोडून देण्यासारखे नाही. हाच आंबा काढणीचा हंगाम आहे. उंच फांदीवर उभा राहून झेल्याने आंबा काढणाऱ्याला भोवळ आली तर ती जमिनीवरच्या भोवळीसारखी नसते. भट्टीसमोर, बांधकामावर, होडीच्या काठावर काम करणाऱ्यांचेही तेच. आणि स्वयंपाकघर विसरू नका. रोजा ठेवून दुपारपासून चुलीपुढे, गॅसपुढे उभी असलेली आई-बहीण याच उन्हाळ्यात घाम गाळत असते. तिच्या श्रमाला मात्र कुणी श्रम म्हणत नाही.

सवलत ही कमजोरी नव्हे

गेल्या वर्षी ४ मार्चला दुबईत ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात महंमद शमी मैदानात पेय पिताना दिसला आणि त्याने रोजा का ठेवला नाही, यावर देशभर चर्चा झाली. खरे तर शरियतने प्रवासी आणि आजारी माणसाला रोजा पुढे करून घेण्याची मुभा स्पष्ट दिली आहे. गर्भवती, स्तनदा माता, वृद्ध यांच्यासाठीही वाटा आहेत. दुसरीकडे हकीम ओलाजुवानसारखा बास्केटबॉलपटू १९९५ मध्ये रोजे ठेवून खेळला आणि त्याच फेब्रुवारीत एनबीएचा महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. दोघांनी आपापल्या परिस्थितीप्रमाणे निर्णय घेतला. एकाचे उदाहरण देऊन दुसऱ्याला हिणवणे हे ना दीन सांगतो, ना शरीरशास्त्र.

मधुमेह असलेल्यांनी तर हे नीट लक्षात घ्यावे. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर वर सांगितलेली यकृताची कणगी वेळेवर उघडत नाही. डॉक्टरांना विचारून मात्रा ठरवावी. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमांचे मत आहे. साखर ७०च्या खाली किंवा ३००च्या वर गेली, तर रोजा सोडणे हीच शहाणीव.

काय करावे

सहेरी चुकवू नये आणि शक्यतो उशिरा करावी. भाकरी, नाचणी, अंडे, दही, डाळ सावकाश पचतात. नुसता चहा-बिस्कीट दोन तासांत संपतो. खारट लोणचे, सुके मासे सहेरीला टाळावेत, तहान वाढते. इफ्तारला खजूर आणि पाणी, मग कोकम सरबत किंवा शहाळे, भजी-समोसे चवीपुरते. पाणी एकदम घटाघटा न पिता इफ्तार ते सहेरी थोडेथोडे प्यावे.

व्यायाम करायचाच तर दोन वेळा बऱ्या. इफ्तारच्या आधी अर्धा तास भाट्याच्या किनाऱ्यावर सावकाश चालावे, कारण लगेच पाणी मिळणार असते. वजने उचलणे, धावणे, क्रिकेट हे तरावीहनंतर. उन्हात घाम येणे थांबले, डोके गरगरले, बोलणे अडखळले, तर सावलीत यावे आणि पाणी प्यावे. त्या रोज्याची कजा नंतर करता येते.

आणि बिगरमुस्लिम मित्रांना एक विनंती. तुमच्याकडे रोजेदार कामाला असेल तर जड काम सकाळी सात ते अकरामध्ये द्या, दुपारी सावलीतले. त्याच्यासमोर पाणी प्यायला संकोच करू नका, त्याला त्याचा त्रास होत नाही. निर्जळी एकादशी ज्याने केली आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको. तशीच विनंती आपल्या लोकांनाही. पालखी आपल्या दारावरून जाईल तेव्हा नाचणाऱ्यांसाठी पाण्याचा माठ आणि गुळाचा खडा ठेवा. त्यांच्या अंगातूनही तासाला लिटरभर घाम चालला आहे.