ज्येष्ठातला मंगळवार

बदलीच्या नोकरीतील कुटुंबांना परके गाव नवे नसते. परका उन्हाळा मात्र नवाच असतो. माझा सैनिक भाऊ सीमेवर गेला, तेव्हा वहिनी व दोन मुले यांच्या सोबतीला मी दोन महिने लखनौच्या छावणीत राहिले. उन्हे चढली की ‘लू’ सुटे. दारेखिडक्या लावून, वाळ्याच्या पडद्यांवर पाणी शिंपडीत आम्ही संध्याकाळची, आणि वहिनी पत्राची, वाट पाहत असू. मोठी ट्रंक तिने उघडलीच नव्हती. “चार दिवसांचे बिऱ्हाड, भांडी काढायची कशाला?” असे ती म्हणे.

एका सकाळी शेजारच्या अम्मा आल्या. “आज जेठाचा पहिला मंगळवार, पाणी वाटायला चला.” आमच्या पंचांगात तर अद्याप वैशाख होता! उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो. म्हणून आपला वैशाख वद्य पक्ष तो त्यांचा ज्येष्ठ. या महिन्यातील मंगळवार लखनौत ‘बडा मंगल’ म्हणून पाळतात. रस्तोरस्ती मांडव घालून हनुमंताच्या नावाने सरबत, पुरी-भाजी वाटतात. मुसलमान शेजारीही त्यात हातभार लावतात.

वहिनी क्षणभर घुटमळली. मग तिने ट्रंक उघडली आणि आईने दिलेली पितळी कळशी बाहेर काढली. दुपारभर ती वाटसरूंच्या ओंजळीत पाणी ओतीत होती.

पत्र त्या दिवशीही आले नाही. कळशी मात्र पुन्हा ट्रंकेत गेली नाही. परक्या गावी बिऱ्हाड खरोखर केव्हा थाटले जाते, हे मला त्या दुपारी कळले.