गिरण्या मुंबईच्या, मंदी सिंधुदुर्गाची

1 मे 1981 रोजी रत्नागिरीतून वेगळा काढून सिंधुदुर्ग जिल्हा झाला आणि वर्ष पुरं व्हायच्या आत, 18 जानेवारी 1982 ला, मुंबईत गिरणी संप पुकारला गेला. जिल्ह्यात कापडगिरणी नव्हती, तरी उद्योग बुडाल्याची झळ इथे घराघरांत लागली. मालवण-देवगडकडचा चाकरमानी लालबाग-परळच्या गिरण्यांत साच्यावर उभा राहायचा, बायकामुलं गावी. घरचं भात वर्षभर पुरत नसे. पुढचे महिने मनीऑर्डरीवर निघत. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपात उतरले आणि ती मनीऑर्डर थांबली.

कामगार नेते दत्ता सामंत यांच्या संपानेच गिरण्या बुडाल्या, असं आजही सर्रास म्हटलं जातं. पण देशातल्या कापडातला गिरण्यांचा वाटा तोवर निम्म्याखाली आलाच होता. विणकाम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे सरकलं होतं, कारण लहान शेडमध्ये कामगार कायदे चुकवता येत आणि मजुरी कमी द्यावी लागे. जुनी यंत्रं बदलायला अनेक मालक तयार नव्हते. संपाने घसरणीला वेग दिला. तिची दिशा आधीच ठरलेली होती.

दुसरा युक्तिवाद अधिक वजनदार आहे: उद्योग स्वस्त मजुरीमागे फिरणारच. मुंबईनेही एकेकाळी लँकेशायरची बाजारपेठ घेतली, आणि 2005 मध्ये जागतिक कापड-कोटा संपल्यावर चीन, बांगलादेशातले कारखाने वाढले. हे खरंच आहे. पण गिरणी गेली तरी मुंबईकडे जमीन उरली. 1991 च्या विकास नियमांनी ती विकायला वाट दिली आणि तिच्यावर टॉवर, मॉल उभे राहिले. कामगारांना, तेही लढल्यावर, घरांची सोडत मिळाली. ज्या गावांनी पिढ्यान् पिढ्या माणसं पुरवली, त्यांचा वाटा मात्र कुणी मोजलाच नाही. हा अन्याय बाजाराने केला नाही. तो धोरणाने केला.

गावांचं हे नुकसान पर्यटन भरून काढेल, असं सांगतात. 1997 मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. मालवणात त्यातून कित्येक घरं उभी राहिली, हे नाकारता येत नाही. मात्र पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद होतात, आणि गिरणीतल्या कायम कामगाराला असलेला भविष्यनिर्वाह निधी होडीवाल्याला नाही. 2001 ते 2011 या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या 8,68,825 वरून 8,49,651 वर आली. माणसं अजूनही बाहेर पडतात. फक्त आता त्यांना गोवा, पुणे किंवा आखात गाठावं लागतं.