शंभरीनंतर कौशल्य वाढतं का?

‘स्कायरिम’ या व्हिडिओ गेममध्ये (२०११) १८ कौशल्यं आहेत. प्रत्येकाची कमाल मर्यादा १००. पुढे कितीही तलवारी घडवा, आकडा हलत नाही. परिणाम मात्र वाढू शकतो, आणि ते स्वतः तपासण्यातच खरी मजा आहे. लोहारकाम १०० झालं की गेम सेव्ह करा. एका तलवारीला धार लावून तिच्या माऱ्याचा आकडा टिपा. तीच सेव्ह पुन्हा उघडा, लोहारकाम वाढवणारं औषध प्या आणि त्याच तलवारीला धार लावा: आकडा मोठा येतो. बाकी काहीही बदलू नका, नाहीतर तुलना फुकट.

२०१३च्या सुधारणेपासून शंभरी गाठलेलं कौशल्य ‘लेजेंडरी’ करून १५ वर आणता येतं. त्यात गुंतवलेले पर्क पॉइंट (खास क्षमता घेण्याचे गुण) परत मिळतात. एकट्याने खेळायचा हा गेम आहे. त्यामुळे एकदा डाउनलोड झाला की तळेगावात रेंज गेली तरी चाचणी अडत नाही.