बिरड्याचा सण

लखनौच्या हिंदी लेखकांत एक नाव मराठी कानाला थबकवतं: शीला रोहेकर. 'मिस सैम्युएल: एक यहूदी गाथा' ही त्यांची कादंबरी 2013 ची. गोमतीच्या काठी रोह्याचं 'कर' कुठून आलं? आपल्या कोकणातून. रोहेकर, केहिमकर, पेणकर, दिवेकर ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचीही आडनावं. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना 'शनवार तेली' म्हणायचं.

हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी या समाजाचा इतिहास 1897 मध्ये लिहून पूर्ण केला. तो छापला गेला 1937 मध्ये. त्यात जुन्या सणांची नावं आहेत, आणि मी अडकतो ते तिथेच. या माणसांजवळ कित्येक पिढ्या हिब्रू ग्रंथ नव्हते. मग तीन वर्षांच्या पोराला सण कोणता ते सांगायचं कसं? त्यांनी सणाचं नावच असं ठेवलं, की त्यातच निम्मी गोष्ट सांगून व्हावी.

वर्षारंभाचा रोश हशाना म्हणजे 'नव्याचा सण'. योम किप्पूर हा उपासाचा, क्षमेचा दिवस. त्या दिवशी पांढरे कपडे घालून, दारं लावून घरात बसायचं, म्हणून तो 'दारफाळणीचा सण'. दुसऱ्या दिवशी 'शिळा सण'! जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दुःखाच्या दिवसाला काय म्हणावं? 'बिरड्याचा सण'. पाडाव झालेल्या नगरीची आठवण सोललेल्या वालांच्या वाटीतून पुढे गेली.

सगळ्यांत नवलाचा 'अनशी ढाकाचा सण', म्हणजे वल्हांडण, पासओव्हर. अनशी म्हणजे आंबवलेल्या आंबट रसाचं मडकं. ते या दिवशी झाकून ठेवायचं. वल्हांडणाच्या दिवसांत ज्यू माणूस खमीर किंवा आंबवलेली भाकर घरात ठेवत नाही. इजिप्तच्या गुलामीतून पूर्वज इतक्या घाईने निघाले, की पीठ फुगायला वेळच मिळाला नाही, ही त्यामागची कथा. कोकणात कथा सांगणारं पुस्तक नव्हतं, पण मडक्यावर झाकण पडत राहिलं. आई काय झाकतेय, हे चुलीपाशी रांगणाऱ्या पोरालाही दिसत होतं. मला तरी याहून चांगलं बालवाङ्मय ठाऊक नाही.

पुरीमचं नाव तर सरळ 'होळीचा सण'. ही नक्कल नव्हे, चंद्राची किमया आहे. हिब्रू महिनेही चांद्र, आणि ऋतूंशी मेळ राहावा म्हणून तिथेही अधिक महिना धरतात, 19 वर्षांत 7 वेळा. आपल्याकडेही हिशेब जवळपास तोच. म्हणून अदार महिन्याची 14 तारीख आणि फाल्गुनी पौर्णिमा बहुधा शेजारी-शेजारी येतात. 2025 मध्ये 13 मार्चला इकडे होळी पेटली, त्याच दिवशी संध्याकाळी पुरीम सुरू झाला. पुरीमची गोष्ट एस्तेर राणीची: इराणच्या दरबारात हामान नावाचा दुष्ट प्रधान आणि त्याचा बेत उधळणारी राणी. वाचताना हामानचं नाव आलं, की ज्यू मुलं गोंगाट करून ते बुडवून टाकतात. शिमग्याच्या बोंबेत वाढलेल्या पोरांना हे शिकवावं लागलं असेल असं वाटत नाही.

लहानग्यांच्या आवडीचा मात्र एलियाहू हन्नाबी. हा संदेष्टा अग्निरथातून स्वर्गात गेला. त्याच्या नावाने पोहे, खोबरं, गूळ आणि फळांचा मलिदा होतो. अलिबागजवळ खंडाळ्याला एका खडकावर त्याच्या रथाच्या चाकांचे आणि घोड्यांच्या खुरांचे ठसे आहेत, असं बेने इस्रायल मानतात. अलिबागला गेलात तर समुद्र थोडा वेळ राहू द्या. मुलांना त्या खडकापाशी न्या आणि ठसे त्यांचे त्यांनाच शोधू द्या.