पडद्याआडचा जॅक्सन फ्रँक

‘ब्लूज रन द गेम’ हे गाणं मी आधी निक ड्रेकच्या आवाजात ऐकलं, मग बर्ट जॅन्शच्या, मग सायमन-गारफंकेल जोडीच्या. प्रत्येक वेळी वाटलं, हे यांचंच. पण गीतकार म्हणून बारीक अक्षरात नाव तिन्हीकडे एकच होतं : जॅक्सन सी. फ्रँक. हा कोण म्हणून शोधायला निघालो, तेव्हा हाती आला १९६५ सालचा दहा गाण्यांचा एक अल्बम. दुसरा त्याच्या हातून कधी पुरा झालाच नाही.

फ्रँकचा जन्म १९४३चा, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोचा. ३१ मार्च १९५४ रोजी बफेलोजवळच्या चीक्टोवागा गावात क्लीव्हलँड हिल शाळेला आग लागली. लाकडी इमारतीतल्या त्याच्या वर्गात तेव्हा गाण्याचा तास चालू होता. पंधरा मुलं गेली. अकरा वर्षांचा जॅक्सन वाचला, पण निम्म्याहून अधिक अंग भाजलं. इस्पितळातल्या त्या लांबलचक महिन्यांत एका शिक्षकाने त्याला गिटार आणून दिली. करमणूक व्हावी, एवढाच हेतू.

एकविसाव्या वर्षी त्या आगीच्या भरपाईचे लाखाहून जास्त डॉलर त्याच्या हाती पडले. गाड्यांचं वेड होतं. मनाजोगती गाडी घ्यायची म्हणून पठ्ठ्या जहाजाने थेट इंग्लंडला निघाला. ‘ब्लूज रन द गेम’ त्याच प्रवासात सुचलं.

लंडनच्या सोहो भागात, ४९ ग्रीक स्ट्रीटच्या तळघरात ‘ले कझिन्स’ नावाचा फोक क्लब होता. दारूचा परवाना नाही. चहा-कॉफीवर रात्रभर गाणं, आणि शनिवारची मैफल रविवारच्या उजाडण्यापर्यंत. जॅन्श, जॉन रेनबर्न, अल स्ट्युअर्ट ही मंडळी तिथलीच. फ्रँक त्यांच्यात मिसळला. पूर्व लंडनमध्ये ज्युडिथ पीप या बाईंच्या घरी तो राहायचा. तिथेच मुक्कामाला असलेल्या आणखी एका अमेरिकन तरुणाचं नाव पॉल सायमन.

अल्बमचा निर्माता हाच सायमन. ध्वनिमुद्रण तीन तासांच्या आत उरकलं, आणि त्यातलाही बराच वेळ नुसत्या शांततेत गेला. कोणी बघत असलं की फ्रँकच्या तोंडून सूर निघेना. शेवटी भोवती पडदे उभे केले, तेव्हा कुठे तो त्यांच्याआड बसून गायला. एका गाण्यात अल स्ट्युअर्टची साथ आहे, बाकी सगळीकडे एक गिटार नि एक गळा. जानेवारी १९६६मध्ये सायमनचं ‘द साउंड ऑफ सायलेन्स’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. फ्रँकच्या अल्बमला गिऱ्हाईक फार नव्हतं. त्याची ओळख टिकवली ती गाणाऱ्यांनीच. गायिका सँडी डेनी तेव्हा नर्सिंग शिकत होती. ते सोडून गाण्यातच उतर, असा आग्रह धरणाऱ्यांत तो होता. पुढे तिने त्याची गाणी गायली आणि त्याच्यावर एक गाणं लिहिलंही.

पुढचं थोडक्यात सांगतो. पैसा संपला, लेखणी अडली. वुडस्टॉकला संसार थाटला, तिथे मुलगा दगावला आणि मनाचा आजार बळावला. १९८४मध्ये सायमनला गाठायचं म्हणून तो न्यूयॉर्कला गेला. भेट झाली नाही. वाट्याला आले ते फुटपाथ आणि मनोरुग्णालयं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जिम अ‍ॅबट या वुडस्टॉक परिसरातल्या रसिकाला जुन्या तबकड्यांत अल स्ट्युअर्टची एक तबकडी सापडली. त्यावर ‘जॅक्सनला’ असं लिहून स्ट्युअर्टची सही. हा जॅक्सन कोण, असं त्याने आपल्या प्राध्यापकांना सहज विचारलं. ते फ्रँकचे कॉलेजातले मित्र निघाले. त्याचं मदत मागणारं पत्र नुकतंच त्यांच्याकडे आलेलं होतं! अ‍ॅबट न्यूयॉर्कला जाऊन त्याला भेटला. समोर सुजलेल्या अंगाचा, लंगडत चालणारा माणूस. मालमत्ता म्हणजे एक जुनी सुटकेस आणि मोडका चष्मा. न्यूयॉर्कमधून हलवण्याची तयारी चालू असतानाच, बाकावर बसलेल्या फ्रँकवर पोरांनी छऱ्याची बंदूक झाडली. डावा डोळा गेला. अ‍ॅबटने तरीही त्याला वुडस्टॉकला नेलं, हातात पुन्हा गिटार दिली, नवी गाणी टेप करून घेतली. ३ मार्च १९९९ला फ्रँक गेला. आदल्याच दिवशी त्याला छप्पन्न पूर्ण झाली होती.

त्याच्यावर लिहिणारे बहुतेक जण या दुर्दैवाच्या यादीपाशी थांबतात. मीही वर तेच केलं. पण तो अल्बम कोरा होऊन ऐकला तर कीव येत नाही. गळा भरदार आहे, बोटं बिनचूक चालतात. रडगाणं कुठेच नाही. ‘माय नेम इज कार्निव्हल’ तर विशी-बाविशीच्या पोराने लिहिलंय यावर विश्वास बसत नाही. २०१९च्या ‘जोकर’ चित्रपटात ते वाजतं, तेव्हा कित्येकांनी फ्रँकला ऐकलंही असेल, नाव न कळता.

गाणी आज सहज मिळतात. सुरुवात ‘मिल्क अँड हनी’पासून करा, आणि हेडफोन लावून ऐका.